जुना संगणक आणि नवे खेळ

(नभोवाणीवरील भाषण)

घरांतील जुनी वस्तु दुरुस्त करून वापरावी कीं मोडींत काढून नवी घ्यावी, हा प्रश्न गृहस्थाला नवा नाहीं. घड्याळ, शिवणयंत्र, सायकल, विहिरीवरील पंप यांच्या बाबतींत तो पिढ्यान्‌पिढ्या सुटत आला आहे. कारण या वस्तूंचा कोणता भाग झिजला हें डोळ्यांना दिसतें आणि हाताला लागतें. संगणकाचें तसें नाहीं. त्याचा कोणताच भाग सहसा झिजलेला दिसत नाहीं. दहा वर्षांपूर्वीं जें काम तो ज्या वेगानें करी, तेंच काम आजहि तो जवळजवळ त्याच वेगानें करतो. मग तो जुना झाला म्हणजे काय झालें? त्याच्यापुढें येणारें काम वाढलें, एवढेंच. हें काम खेळांच्या बाबतींत फारच झपाट्यानें वाढलेलें आहे. पत्र लिहिण्यास, हिशेब ठेवण्यास किंवा चित्रपट पाहण्यास जो संगणक अगदीं पुरेसा वाटतो, तोच नवा खेळ सुरू करतांच धापा टाकूं लागतो. अशा वेळीं पैसा कोठें घालावा, किती घालावा, आणि मुळीं घालावा कीं नाहीं, याचा विचार या भाषणांत करावयाचा आहे.

असें एक घर कल्पावें. वडील तालुक्याच्या गांवीं एका पेढींत नोकरीस आहेत. २०२० सालीं साथीमुळें शाळा बंद पडल्या आणि शिक्षण घरीं आलें, तेव्हां एका कचेरीनें काढून टाकलेला व दुकानदारानें साफसूफ केलेला डेस्कटॉप संगणक त्यांनीं मुलासाठीं विकत घेतला. तो २०१४ सालच्या बनावटीचा आहे. त्यांत इंटेल कंपनीचा कोअर आय-५ ४५९० हा प्रोसेसर, एकाच पट्टीवरील ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क आहे. वेगळें ग्राफिक्स कार्ड नाहीं. मुलगा आतां महाविद्यालयांत जातो. मित्रांच्या घरीं जे खेळ सुरळीत चालतात ते त्याच्या पडद्यावर अडखळतात. "बाबा, आय-५ काढून आय-७ बसवला कीं झालें," असें तो म्हणतो. दुकानदार म्हणतो, "साहेब, यांत आतां एक पैहि घालूं नका, नवाच घ्या." वडिलांजवळ दिवाळीच्या बोनसाची रक्कम आहे. ती वर्षांतून एकदांच यावयाची. ती चुकीच्या जागीं गेली तर पुन्हां वर्षभर मुलाला 'आतां नाहीं' असें सांगावें लागणार, हें त्यांना ठाऊक आहे. मुलगा खोटें बोलत नाहीं. दुकानदारहि मुद्दाम फसवीत आहे असें नाहीं. परंतु दोघांनींहि एक गोष्ट केलेली नाहीं : यंत्राचें नेमकें कोठें अडतें, हें तपासून पाहिलेलें नाहीं.

तें तपासण्यापूर्वीं पेटींत काय काय असतें हें थोडें समजून घेतलें पाहिजे. पुष्कळ लोक त्या सबंध पेटीलाच 'सीपीयू' म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे आंतील प्रोसेसर. काडेपेटीएवढी एक चौकोनी चकती. या पेटीला एक नाटकमंडळी मानलें तर सर्वांचीं कामें लवकर ध्यानांत येतात. प्रोसेसर हा मंडळीचा सूत्रधार. कोणतें पात्र केव्हां प्रवेश करणार, कोण कोठें उभें राहणार, फेकलेला चेंडू कोठें पडणार, शत्रु कोणत्या बाजूनें येणार, हा सर्व निर्णय त्याचा. ग्राफिक्स कार्ड हा पडदे रंगविणारा चित्रकार. सूत्रधारानें ठरविलेलें दृश्य रंगवून प्रेक्षकांपुढें धरणें हें त्याचें काम. फरक इतकाच कीं, नाटकांत एका अंकाला एक पडदा पुरतो. येथें दर सेकंदाला साठ पडदे नव्यानें रंगवावे लागतात. रॅम म्हणजे विंगेंतील जागा. चालू प्रवेशाला लागणारें सामान तेथें हाताशीं मांडलेलें असतें. हार्ड डिस्क म्हणजे बिऱ्हाडावरील कोठी. सगळें सामान तेथें असतें, परंतु तेथून तें आणावयास वेळ लागतो. मदरबोर्ड म्हणजे या सर्वांना एकत्र आणणारी रंगभूमि. आणि ज्याला बाजारांत 'एसएमपीएस' म्हणतात तो वीज पुरविणारा डबा म्हणजे मंडळीचा मुदपाकखाना. त्याच्याकडे कोणाचें लक्ष नसतें, पण तो बिघडला कीं एकहि प्रवेश व्हावयाचा नाहीं.

दर सेकंदाला साठ पडदे म्हटले म्हणजे एका पडद्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तीस पडद्यांवर समाधान मानलें तर ३३.३ मिलिसेकंद. सावकाश चालणाऱ्या खेळांना तीस पुरतात. धांवपळीच्या व नेमबाजीच्या खेळांना साठ बरे वाटतात. सूत्रधार पुढल्या दृश्याचा निर्णय देत असतां चित्रकार मागल्या दृश्याचें रंगकाम पुरें करीत असतो. दोघेहि बरोबरीनें चालतात. म्हणून एकंदर गति ठरते ती दोघांपैकीं जो मंद असेल त्याच्यावरून. सूत्रधार सेकंदाला शंभर आज्ञा देऊं शकला आणि चित्रकार वीसच चित्रें काढूं शकला, तर प्रेक्षकाला वीसच चित्रें दिसणार. अशा वेळीं दुप्पट हुषार सूत्रधार आणून बसविला तरी चित्रें वीसच राहतात. संगणकाच्या सुधारणेंत पैसा वायां जातो तो बहुतेक या एका गोष्टीच्या अज्ञानानें.

कोठीचें कामहि असेंच पाहण्यासारखें आहे. हार्ड डिस्कची तबकडी सामान्यतः मिनिटाला ७२०० फेरे घेते. एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात, आणि हवा तो भाग वाचणाऱ्या टोंकाखालीं येण्यास सरासरीनें त्याच्या निम्मे. शिवाय टोंक सरकविण्याचा वेळ निराळा. म्हणजे एक लहानशी वस्तु कोठींतून आणण्यांत जवळजवळ एका पडद्याचा वेळ सहज जाऊं शकतो. खेळांत मोटार धांवत असतां नवा रस्ता लागला कीं चित्र क्षणभर गोठतें, याचें कारण पुष्कळदां हेंच असतें. एसएसडी या साधनांत फिरणारें कांहींच नसतें. त्यामुळें अशा किरकोळ मागण्या तें सेकंदाला हजारोंनीं पुरवूं शकतें. मात्र एसएसडीनें चित्रकाराचा हात चपळ होत नाहीं. खेळ लवकर उघडतो, गोठणें कमी होतें, परंतु वीस चित्रांचीं साठ चित्रें होत नाहींत, हेंहि ध्यानांत ठेवावें.

आतां निर्णयाकडे वळावयास हरकत नाहीं. त्यांत पहिला प्रश्न यंत्राविषयीं नसून खेळाविषयीं आहे. 'खेळ चालले पाहिजेत' ही मागणी फार मोघम झाली. कोणते खेळ? ग्रँड थेफ्ट ऑटो ५ हा खेळ संगणकासाठीं एप्रिल २०१५ मध्यें निघाला. त्याच्या मूळ आवृत्तीची शिफारस कोअर आय-५ ३४७० हा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि जीटीएक्स ६६० हें कार्ड, एवढीच होती. म्हणजे आपल्या कल्पिलेल्या घरांतील प्रोसेसर व रॅम त्या खेळास पुरे आहेत. उणीव आहे ती कार्डाची. उलट सायबरपंक २०७७ हा खेळ डिसेंबर २०२० मध्यें आला आणि २०२३ सालीं त्याची किमान अट वाढवून कोअर आय-७ ६७००, १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० हें ६ जीबीचें कार्ड आणि एसएसडी अशी करण्यांत आली. येथें प्रोसेसरहि उणा पडतो. डिसेंबर २०२४ मध्यें निघालेल्या इंडियाना जोन्सच्या खेळाला तर प्रकाशकिरणांचें गणित स्वतःच्या यंत्रणेनें करणारें, म्हणजे रे ट्रेसिंगचें, कार्ड असल्यावांचून तो सुरूच होत नाहीं. एकाच पेटीपासून पहिला खेळ हातभर अंतरावर आहे, दुसरा कोसभर, आणि तिसऱ्याची वाटच निराळी. म्हणून दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं खरोखर खेळावयाच्या पांच खेळांचीं नांवें कागदावर लिहावीं आणि प्रत्येकापुढें त्याची किमान अट व शिफारस मांडावी. पांचांपैकीं चार हातभर अंतरावर असतील तर सुधारणा करण्यांत अर्थ आहे. चार कोसभर दूर असतील तर दुकानदाराचें म्हणणें खरें मानावें.

दुसरा प्रश्न, यंत्राचें अडतें कोठें? याचें उत्तर मिळविण्यास एक पैहि लागत नाहीं. खेळ चालू असतां कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. त्यांत प्रोसेसर, रॅम, डिस्क व ग्राफिक्स यांपैकीं कोण किती राबत आहे याचे आंकडे दिसतात. जो सतत शंभर टक्क्यांजवळ असतो त्याच्यावर संशय घ्यावा. येथें एक सावधगिरी हवी. चार गाभ्यांच्या प्रोसेसरचा एकच गाभा पुरता राबत असेल आणि बाकीचे तीन स्वस्थ बसले असतील, तर एकूण आंकडा २५ टक्केच दिसतो आणि प्रोसेसर रिकामा आहे असा भास होतो. म्हणून प्रत्येक गाभ्याचा आलेख वेगळा काढून पाहावा.

याहून सोपी कसोटी दुसरी आहे. पूर्ण आकाराच्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० असे ठिपके असतात. म्हणजे एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके रंगवावे लागतात. खेळाच्या मांडणींत जाऊन तो आकार १२८० व ७२० केला तर ठिपके ९,२१,६०० उरतात, म्हणजे निम्म्याहूनहि कमी. आतां सूत्रधाराचें काम जवळजवळ तेवढेंच राहिलें आणि चित्रकाराचें निम्म्यावर आलें. अशा वेळीं गति एकदम वाढली तर अडचण चित्रकाराची, म्हणजे कार्डाची. ठिपके कमी करूनहि गति तेवढीच राहिली तर अडचण सूत्रधाराची, म्हणजे प्रोसेसरची. एवढी परीक्षा दहा मिनिटांत होते. ती न करतां घेतलेला सुटा भाग म्हणजे नाडी न पाहतां दिलेलें औषध.

तिसरी तपासणी उष्णतेची. आपल्याकडील धुळीनें व उन्हाळ्यानें पंख्याच्या पाठीमागच्या पात्यांवर गालिचाप्रमाणें थर बसतो. प्रोसेसर फार तापला, साधारण १०० अंश सेल्सिअसजवळ गेला, म्हणजे तो स्वतःला वांचविण्यासाठीं आपली गति आपणच कमी करतो. खेळ पहिलीं दहा मिनिटें बरा चालून मग मंदावत असेल तर हा रोग ओळखावा. पेटीची तार भिंतींतून काढून, ती अंगणांत नेऊन, मऊ कुंचल्यानें धूळ काढावी; त्या वेळीं पंखा बोटानें धरून ठेवावा. प्रोसेसर व त्यावरील धातूचा ठोकळा यांमधील थर्मल पेस्ट दहा वर्षांत वाळून जाते. ती पुसून नवी लावावी. कांहीं यंत्रांना एवढ्यानेंच गेलेली गति परत मिळते.

आपल्या घरांतील मुलानें ही परीक्षा केली असें समजावें. ठिपके कमी करतांच खेळ पुष्कळ सुधारला. प्रोसेसरचे चारहि गाभे अर्ध्या कामावर होते. डिस्कचा आंकडा मात्र वारंवार शंभरावर जात होता. निदान स्पष्ट झालें : येथें सूत्रधार थकलेला नाहीं. मुळांत या मंडळींत स्वतंत्र चित्रकारच नाहीं. प्रोसेसरच्या पोटांतील लहानशी ग्राफिक्स यंत्रणा तें काम कसेंबसें भागवीत आहे, आणि कोठी दूर आहे. आय-७ आणला असता तर बोनस संपला असता आणि चित्रें होतीं तेवढींच राहिलीं असतीं.

आतां उपायांचा क्रम. प्रथम रॅम. या यंत्रांत ८ जीबीची एकच पट्टी आहे. अशी रॅम एका वाटेनें सेकंदाला १२.८ जीबी माहिती देते. तशीच दुसरी पट्टी योग्य खांचेंत बसविली तर दोन वाटा होऊन ती २५.६ जीबी होते. ज्या संगणकांत वेगळें कार्ड नाहीं, त्यांतील ग्राफिक्स यंत्रणा याच रॅमवर जगते. म्हणून तेथें या एका पट्टीचा फरक डोळ्यांना दिसतो. दुसरा उपाय एसएसडीचा. तो वर आलाच आहे.

तिसरा व मुख्य उपाय ग्राफिक्स कार्डाचा. आणि चुकाहि येथेंच अधिक होतात. मदरबोर्डावरील खांच कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज देऊं शकते. त्याहून अधिक खाणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून निराळी तार द्यावी लागते. कचेरींतील संगणकांचे एसएमपीएस बहुधा लहान असतात व त्यांत ही तारच नसते. कांहींची जोडणीहि त्या त्या कंपनीची स्वतःची असल्यामुळें बाजारांतला दुसरा एसएमपीएस तेथें बसत नाहीं. म्हणून आधीं हिशेब मांडावा. या प्रोसेसरची मर्यादा ८४ वॅट, कार्डाचे ७५, आणि डिस्क, पंखे, मदरबोर्ड यांचे मिळून पन्नासेक धरले तर बेरीज २१० च्या घरांत जाते. डब्यावर २९० वॅट लिहिलेलें असेल तर हें ओझें तो पेलेल. यापुढें जाऊन मोठें कार्ड घेण्याचा मोह झाल्यास एसएमपीएसहि चांगल्या प्रतीचा घ्यावा लागतो. तेथें काटकसर करूं नये. हलका एसएमपीएस ओझ्याखालीं बिघडला तर तो एकटाच जाईल असें नाहीं; जातांना कार्ड व मदरबोर्डहि बरोबर नेऊं शकतो.

७५ वॅटच्या आंत बसणाऱ्या कार्डांत एप्रिल २०१९ मध्यें आलेलें ४ जीबीचें जीटीएक्स १६५० आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें आलेलें ६ जीबीचें आरटीएक्स ३०५० हीं दोन नांवें ध्यानांत ठेवण्यासारखीं आहेत. पहिल्याचे कांहीं प्रकार जादा तार मागतात, म्हणून डब्यावरील मजकूर वाचूनच घ्यावें. दुसरें ७० वॅटचें असून त्यांत रे ट्रेसिंगची सोयहि आहे. जुन्या बाजारांत २०१६ सालचें जीटीएक्स १०५० टीआय पुष्कळ दिसतें. परंतु त्या पास्कल पिढीच्या कार्डांना नव्या खेळांसाठीं होणाऱ्या सुधारणा पुरविणें एनव्हिडिया कंपनीनें ऑक्टोबर २०२५ नंतर थांबविलें आहे. जुन्या खेळांना तें चालेल. नव्यांची आशा त्यावर ठेवूं नये.

जुन्या कार्डांच्या खरेदींत आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. सप्टेंबर २०२२ पर्यंत इथेरियम हें आभासी चलन ग्राफिक्स कार्डांवर 'खणलें' जाई. ती पद्धति बंद पडल्यावर रात्रंदिवस राबलेलीं असंख्य कार्डें बाजारांत आलीं. राबलेलें कार्ड वाईटच असतें असें नाहीं. पण त्याचे पंखे थकलेले असूं शकतात. मुंबईस ग्रँटरोड स्टेशनाजवळ लॅमिंग्टन रोड आहे. त्याचें आजचें नांव डॉ. भडकमकर मार्ग. सुट्या भागांच्या खरेदीसाठीं दूरदूरचे लोक तेथें जातात. कोणत्याहि अशा बाजारांत गेल्यावर कार्ड चालू करून, निदान पंधरा मिनिटें खेळ लावून पाहावा, आणि आपल्या यंत्रांत न चालल्यास परत घेण्याची अट पावतीवर लिहून घ्यावी. कारण जुने मदरबोर्ड क्वचित् नवें कार्ड ओळखीत नाहींत. पेटीची आंतली लांबी-उंची मापून न्यावी. सडपातळ पेटींत अर्ध्या उंचीचेंच कार्ड जातें. मॉनिटर जुना असून त्याला व्हीजीए तारच लागत असेल तर नव्या कार्डांना ती जोडणी नसते. त्यासाठीं निराळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो. आणि सर्व झाल्यावर मॉनिटरची तार नव्या कार्डालाच लावावी. ती संवयीनें जुन्या जागीं, मदरबोर्डाला, लावून 'कार्डानें कांहींच फरक पडला नाहीं' म्हणून कपाळावर हात मारणारे थोडे नाहींत.

आतां तिसरा प्रश्न, आणि तो विचारण्याचें बहुतेकांना सुचत नाहीं. आज घेतलेला भाग उद्यां नव्या यंत्रांत नेतां येईल काय? भाडेकरू घर सोडतांना भिंतीला दिलेला रंग बरोबर नेऊं शकत नाहीं, पण कपाट नेऊं शकतो. संगणकांतहि कांहीं खर्च रंगाचा आहे आणि कांहीं कपाटाचा. एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, चांगला सर्वमान्य जोडणीचा एसएमपीएस आणि मॉनिटर हीं कपाटें होत. प्रोसेसर व रॅम हा बहुधा रंग. या घरांतील रॅम डीडीआर-३ जातीची आहे. ती डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ च्या खांचेंत बसतच नाहीं. इंटेलनें आपली प्रोसेसरची बैठकहि वेळोवेळीं बदलली : २०१३ ची ११५० टोंकांची, २०१५ ची ११५१ ची, २०२० ची १२०० ची, २०२१ ची १७०० ची. म्हणून २०१४ च्या मदरबोर्डावर नव्या पिढीचा प्रोसेसर येऊं शकत नाहीं. त्या बैठकींत बसणारा आय-७ ४७९० हाहि त्याच काळांतला, चारच गाभ्यांचा. एएमडी कंपनीच्या एएम-४ बैठकीची गोष्ट निराळी. २०१७ सालच्या अशा पुष्कळ मदरबोर्डांवर, बायोस अद्ययावत करून, २०२२ सालीं निघालेला रायझन ७ ५८००एक्स३डी बसवितां येतो. ज्याच्या घरीं तसें यंत्र आहे आणि परीक्षेंत दोष प्रोसेसरचा निघाला आहे, त्याला प्रोसेसर बदलणें शहाणपणाचें ठरेल. तात्पर्य, एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडतोच असें नाहीं.

यंत्राच्या बाहेरची एक अडचणहि विसरतां कामा नये. विंडोज १० ची नेहमींची सुरक्षा-सेवा मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद केली. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांना दिलेली वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्या घरांतील प्रोसेसर चौथ्या पिढीचा. अशा यंत्रावर लिनक्स घालून खेळतां येतें. व्हॉल्व्ह कंपनीनें २०१८ सालीं काढलेल्या प्रोटॉन या साधनानें विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालतात. मात्र जाळ्यावर अनेकांशीं खेळावयाचे व्हॅलोरंटसारखे खेळ, ज्यांत लबाडी पकडणारी कडक यंत्रणा असते, तेथें चालत नाहींत. मित्रांबरोबर असेच खेळ खेळणें हाच मुलाचा मुख्य हेतु असेल तर या एका गोष्टीनेंच निकाल नव्या यंत्राच्या बाजूनें लागूं शकतो. घरच्या घरीं एकट्यानें खेळावयाचे खेळ असतील तर अडचण तेवढी मोठी नाहीं.

शेवटीं हिशेब. रुपयांचे आंकडे महिन्या-महिन्याला बदलतात. २०२५ च्या उत्तरार्धांत रॅमच्या किंमती झपाट्यानें चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळा ती मोठ्या प्रमाणावर उचलूं लागल्या. म्हणून जुन्या रीतीनें आण्यांत हिशेब करावा. हव्या त्या खेळांना पुरेल अशा नव्या यंत्राची त्या दिवसाची किंमत म्हणजे सोळा आणे. सुधारणेचा खर्च सहा आण्यांच्या आंत असेल आणि त्यानें कागदावरचे बहुतेक खेळ चालणार असतील तर ती निःशंक करावी. आठ आण्यांवर गेला तर थांबून विचार करावा. दहावर गेला तर जुन्या यंत्राला हात न लावतां रक्कम बाजूला ठेवणें बरें. त्यांत कपाटाचे किती व रंगाचे किती हेंहि वेगळें लिहावें. सहा आण्यांपैकीं पांच आणे पुढच्या यंत्रांत जाणार असतील, तर खरा खर्च एकच आणा झाला. उलट दोनच आण्यांचा आय-७ स्वस्त दिसला, तरी ते दोन्ही आणे भिंतीला फांसल्यासारखे.

कांहींच न घेणें हाहि एक निर्णय आहे आणि तो हलका समजूं नये. खेळ हें वर्तमानपत्र नव्हे, कीं दुसऱ्या दिवशीं शिळें व्हावें. दहा-बारा वर्षांपूर्वींचे उत्तम खेळ जुन्या यंत्रावर आजहि तितकेच रंगतात आणि बहुधा कमी किंमतींत मिळतात. मित्र जो खेळ आज खेळत आहेत तो दोन वर्षांनीं निम्म्या किंमतींत घेऊन, तोंपर्यंत जमविलेल्या पैशांतून घेतलेल्या यंत्रावर खेळणाऱ्याचें फारसें कांहीं बुडत नाहीं. पण तरुण वयांत दोन वर्षें म्हणजे थोडा काळ नव्हे, आणि मित्र आज खेळत असतात, हेंहि वडिलांनीं मनांत आणावें. म्हणूनच 'कांहीं नको' आणि 'सगळेंच नवें' या दोन टोंकांमध्यें जी वाट आहे ती आधीं पाहून घ्यावयाची.

त्या घरांत काय ठरलें असेल? कागदावरच्या पांच खेळांपैकीं चार हातभर अंतरावरचे निघाले. एक एसएसडी, रॅमची एक जुनी पट्टी आणि जादा तार न मागणारें कार्ड, एवढ्याचा हिशेब सहा आण्यांच्या आंत बसला. बोनसाची उरलेली रक्कम पोस्टांत पुढच्या यंत्रासाठीं जमा झाली. रविवारीं बापलेकांनीं पेटी ओट्यावर आणून उघडली, तेव्हां वाटीभर धूळ निघाली. सायंकाळीं पडद्यावरची मोटार न अडखळतां रस्त्यावरून धांवूं लागली. वडिलांनीं विचारलें, "आणि तो पांचवा, मोठा खेळ रे?" मुलगा म्हणाला, "तो पुढच्या यंत्रावर, बाबा. हें कार्ड आणि ही एसएसडी त्यांत येणारच आहेत." मुलाच्या बोलण्यांत आतां 'आय-७' नव्हता, हिशेब होता, आणि वडिलांनाहि त्या दिवशीं 'आतां नाहीं' असें म्हणावें लागलें नाहीं.